तांदळाच्या डब्यातला टायमर

मंगळवार संध्याकाळ, मळमड्डी

१. ईराचं लक्ष एका जागी टिकत नाही; त्या एडीएचडीसाठी डॉक्टरांनी कामांचे छोटे तुकडे पाडायला सांगितलं.
२. मी तुकडे पाडले आणि प्रत्येकाला टायमर लावला. दात तीन मिनिटं, वेणी चार.
३. आज टायमर तांदळाच्या डब्यात सापडला. ईरानेच लपवला होता.

टायमर डॉक्टरांनी सांगितलाच नव्हता. ती माझी भर. ऑफिसात मशीनची चाचणी घेते, तशी आठ वर्षांच्या मुलीची घेत होते का? वरच्या मजल्यावरच्या अक्का हसल्या, "अग, पोरीला कुकर समजलीस काय, शिट्ट्या मोजून उतरवायला?" मला हसता आलं नाही.

ईराला विचारलं. म्हणाली, "आई, तो वाजायच्या आधीच माझ्या पोटात दुखतं." म्हणजे रोज सकाळची पोटदुखी खरी होती. त्यावरून मी तिला दोनदा खोटारडी म्हटलंय.

टायमर अजून तांदळातच आहे. काढायला हात धजत नाही. उद्या तिच्या दप्तरात चिठ्ठी ठेवेन. एक हरवेल, म्हणून त्याच मजकुराच्या दोन:

ईरा, तुझं पोट खरंच दुखत होतं. माझं चुकलं. टायमरऐवजी काय हवं, ते शनिवारपर्यंत मला सांग. बोलून किंवा चित्र काढून. आई.