मॅडमची दिवसपाळी

१ जून, सोमवार
रिटायरमेंटचा पहिला दिवस. मन प्रसन्न. कारखान्याच्या टाइम ऑफिसात जन्म काढला. उशिरा आलेली माणसं माझ्या खिडकीसमोरून मान खाली घालून जायची. आता आपण निवांत. मॅडमलाही बरं वाटेल. (मॅडम म्हणजे आमची मांजर.) बिचारी दिवसभर एकटी असायची. संध्याकाळी मी कुलूप काढलं की दाराशी उभी. ऑफिसात सगळ्यांना अभिमानाने सांगायचो, घरी वाट बघणारं कोणीतरी आहे म्हणून. आता तिला वाट बघायची गरजच नाही.
दुपारभर खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचला. मॅडम समोर बसून एकटक माझ्याकडे बघत होती. प्रेम, दुसरं काय.

२ जून
खुर्चीच्या उशीवर ओलं. पाणी सांडलं असावं.

३ जून
पाणी नव्हतं.

५ जून
उशी धुतली, वाळवली, परत ठेवली. आज मॅडमने जागा बदलली. निरोप समारंभात मिळालेली ट्रॉली बॅग उघडी होती, तिच्यात कार्यभाग उरकला. मी ती बॅग अजून वापरलीसुद्धा नव्हती. एक पडदाही फाडला. समजूत काढावी म्हणून मांडीवर घेतलं तर हातावर ओरखडे. तीनशे कामगार सरळ केलेत मी, एका मांजरीचं काय घेऊन बसलात. उद्यापासून कडक धोरण.

६ जून
धोरण असं: साडेआठला नाश्ता, नंतर चेंडू, मग ब्रश, दुपारी दोघांची विश्रांती. मॅडमने एकाही कार्यक्रमाला हजेरी लावली नाही. कपाटावर चढून माझ्याकडे पाठ करून बसली.
ऑफिसातून फोन नाही. माझ्या जागी आलेल्या मुलीला पंचिंग मशीनचे नखरे ठाऊक नाहीत, अडणार म्हणजे अडणारच. फोन पूर्ण चार्ज करून उशाशी ठेवलाय.

८ जून
फोन वाजला. ताईचा होता. तिला सगळं सांगितलं तर हसता हसता तिला ठसका लागला. म्हणाली, लग्न केलं नाहीस म्हणून सुटलास असं वाटत होतं, पण मॅडमच्या रूपाने बायको भेटलीच की. भावोजी रिटायर झाल्यापासून ती त्यांना रोज पिशवी देऊन बाहेर पाठवते. भाजी आणली नाही तरी चालेल, पण लवकर येऊ नका म्हणते. भावोजी गरीब स्वभावाचे आहेत. माझ्या बाबतीत असं काही व्हायचा प्रश्नच येत नाही.

११ जून
मॅडमला दवाखान्यात नेलं. बास्केटमध्ये घालताना राहिलेला हातही ओरबाडून घेतला. सगळ्या तपासण्या केल्या, मांजर ठणठणीत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात अलीकडे काही बदल झालाय का. म्हटलं, काहीही नाही. कोणी नवीन माणूस राहायला आलंय का? म्हटलं, छे, मी एकटाच असतो. मग मी दिवसभर काय करतो ते विचारलं. रिटायर झाल्याचं सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, मग नवीन माणूस आलंय की. दिवसा ते घर तिचं असतं आणि ती खुर्चीही तिची. रोज काही तास तिला एकटीला राहू द्या.
वाईट वाटलं. रिक्षात बास्केट मांडीवर होती, पण आत बघवेना.
अर्थात बाई तरुण आहेत. अनुभव कमी पडतो.

१५ जून, सोमवार
सकाळी बाहेर पडलो. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नव्हे, हालचाल असावी म्हणून. इस्त्रीचा शर्ट, जुनी ऑफिसची बॅग, डबा. पाय आपसूक कारखान्याकडे वळले, तेव्हा गेटसमोरच्या बस स्टॉपवर बसलो. मशीन अडलं असतं तर मी समोरच होतो. अडलं नाही. ती मुलगी हसून सगळ्यांशी बोलत होती आणि रांग भराभर सरकत होती. मला पाहून कोणी एवढं हसल्याचं आठवत नाही. डबा स्टॉपवरच खाल्ला.
संध्याकाळी घरी येऊन कुलूप काढलं. मॅडम दाराशी उभी. शेपूट वर, पायांना अंग घासत गोल गोल फिरली. खुर्ची कोरडी होती. मला रडू आलं. सर्दी असावी.

१८ जून
नवीन व्यवस्था उत्तम चालू आहे. गेटवरच्या वॉचमनने रस्ता ओलांडून येऊन विचारलं, साहेब, रोज इथे कसे? कन्सल्टन्सी सुरू केलीय म्हटलं. दुपारी त्याने स्वतःच्या चहातला अर्धा चहा आणून दिला. मोठा चांगला माणूस. त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार मी दोनदा कापला होता.

२१ जून, रविवार
सुट्टी, म्हणून घरीच. मॅडम खुर्चीतून हलली नाही, मी स्टुलावर बसलो. तक्रार नाही, दिवसपाळीच्या माणसाने जागा सोडू नये असं मीच सांगत आलोय. ताईला फोन लावला, ती भावोजींबरोबर सिनेमाला गेली होती. सकाळपासून कोणाशी एक शब्द बोललो नव्हतो, घर अंगावर यायला लागलं. शेवटी बूट घातले, बॅग घेतली, बाहेरून कुलूप लावलं आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसलो. वरच्या मजल्यावरचे लोक घरी जाताना वाट काढून गेले. बराच वेळ बसलो. मग किल्ली काढून दार उघडलं.
दाराशी उभी होती.