मामा तेवढे बसून होते

३ ऑक्टोबर २००५

आपलं गाव पहिलं आलं! मलावीत आम्ही अभ्यासलेल्या सगळ्या गावांत. सक्षमीकरणाचा एवढा मोठा आकडा ट्रूसने आजवर पाहिलेला नाही म्हणे. ट्रूस आमची प्रकल्पप्रमुख — एरवी कॉफीबरोबर एकच बिस्कीट देऊन डबा बंद करणारी. आज तिने सगळ्यांसाठी सफरचंदाचा केक आणला.

'नवऱ्याला नाही म्हणू शकता का?' — एकूण एक बायकांनी 'हो' म्हटलंय. म्हणणारच. तिथे लग्न झालं की नवरा बायकोच्या गावी राहायला येतो. जमीन आईकडून मुलीकडे जाते. माझ्या नवऱ्याला, शैलेंद्रला सांगितलं तर म्हणतो, "अख्खं गाव घरजावयांचं? मला नेऊ नकोस बाई. झुइडासला ऑफिसात एक बॉस आहे, तो पुरे."

नोव्हेंबरात हेगला अहवालाचं प्रकाशन. गावातल्या एनेलेसीने तिथे बोलायचं — हा हट्ट माझा. उसाच्या कंपनीला शेतं द्यायला अख्खं गाव तयार असताना ती एकटी माझ्या रेकॉर्डरसमोर म्हणाली होती, 'मी अंगठा देणार नाही.' तिच्या पासपोर्टचं काम तिच्या मामांवर सोपवलंय. निवृत्त मास्तर आहेत, इंग्रजी सुरेख, गावातल्या बहुतेक बायका त्यांच्या भाच्याच लागतात. लगेच एसेमेस — 'काळजी नको, भाची.' मलाही भाचीच म्हणतात!

७ ऑक्टोबर

मुलाखती पुन्हा ऐकतेय, उतरवून काढायला. जवळजवळ प्रत्येक उत्तराआधी कुणीतरी खोकतं. बाई थांबते. खोकला झाला की बोलते.

८ ऑक्टोबर

खोकला मामांचा आहे.

११ ऑक्टोबर

नीट लिहून काढते, म्हणजे मलाच कळेल.

नियम असा — मुलाखतीच्या वेळी नवरा कुंपणाबाहेर. मी तो कटाक्षाने पाळला. एकेका नवऱ्याला गोड बोलून घालवलं. मामा तेवढे बसून होते. आंब्याखाली, खुर्ची टाकून, भुईमुगाच्या शेंगा सोलत. मला खटकलंच नाही! मामा म्हणजे कोण? मला सायकल शिकवणारा, आईचा हात वर गेला की मध्ये पडणारा. ते बसलेत म्हणून बायका निर्धास्त आहेत असंच वाटलं मला. त्यांनी ओंजळीत दाणे दिले, मी खात खात प्रश्न विचारले.

वाचलं नव्हतं असं नाही. तिथे घरावर हुकूम चालतो तो आईच्या भावाचा. भाचीचं लग्न, काडीमोड, शेत, भांडण — शेवटचा शब्द त्याचा. हे मी विद्यार्थ्यांना शिकवलंय, त्यावर पेपर तपासलेत! आणि तिथे गेल्यावर त्यालाच राखणीला बसवलं.

'मामाला नाही म्हणू शकता का?' — हा प्रश्न आमच्या यादीत नाहीच.

एनेलेसीचं ते वाक्यही ऐकलं. त्याच्या आधी खोकला नाही. ती थांबलीच नाही, सरळ बोलली. नंतर मात्र बराच वेळ नुसता शेंगा फुटल्याचा आवाज.

१२ ऑक्टोबर

तियामिकेला मेल केली होती. माझी तिथली सहकारी, मुलाखतींची दुभाषी. तिचं उत्तर — 'मॅडम, तुम्ही नवऱ्यांना उठवलंत, त्यांना नाही. आम्हाला वाटलं, तुमचं त्यांच्याशी ठरलंय.'

ट्रूसपुढे सगळं ओतलं. अहवाल थांबवू या म्हटलं.

"नियमात नवरा लिहिलंय. नवरा होता तिथे?"

"नव्हता, पण—"

"मग आकडे बरोबर आहेत."

मी उठले तेव्हा जरा मऊ आवाजात म्हणाली, "तिला इथे येऊ दे. इथे तू तिच्याशी एकटी बोल. मग बघू."

तेही खरंच. ती इथे पोचली पाहिजे. बाकी सगळं नंतर.

२० ऑक्टोबर

तियामिकेचा फोन. एनेलेसी पंपावर पाण्याला येत नाही. पोरींना पाठवते. तिच्या अंगणावरून जाताना बायका बोलणं थांबवतात.

"आजारी आहे का?"

"लोक म्हणतात, आजारी आहे."

संध्याकाळी मामांचा एसेमेस — पासपोर्ट झाला, एनेलेसी विश्रांती घेतेय.

पेरणीच्या तोंडावर कसली विश्रांती?

२९ ऑक्टोबर

कंपनीची माणसं शेतं मोजून गेली. एनेलेसीचंही. तियामिकेने मेलमध्ये एवढंच लिहिलंय, आणि खाली — 'माझ्या संस्थेने माझी दुसऱ्या जिल्ह्यात बदली केली आहे. एनेलेसीबरोबर मी येऊ शकणार नाही. या विषयावर कृपया मला लिहू नये.' वर 'मॅडम' नाही. खाली स्वतःचं नाव नाही.

शैलेंद्र म्हणाला, "अगं, तिथल्या पोलिसांना कळव ना!"

तिथला साहेब मामांचा विद्यार्थी. मामांनीच ओळख करून दिली होती. किती कौतुक वाटलं होतं मला.

६ नोव्हेंबर

नीळकंठचा पुण्याहून फोन, यंदा भाऊबीज राहिली म्हणून. संहिता त्याच्याशी खिदळत होती. ठेवल्यावर विचारलं, "मामाला काय काय सांगतेस गं?"

"नथिंग, आई. मामा टेल्स यू एव्हरीथिंग."

लाडात म्हणाली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

एनेलेसीसाठी संहिताची खोली आवरली. हीटर लावून बघितला. दाराला आतून कडी बसवून घेतली. शैलेंद्र स्क्रू पिळत राहिला.

९ नोव्हेंबर

ट्रूस खुशीत. दुसऱ्या तिकिटाचा प्रश्न सुटला! तियामिकेच्या जागी मामा येणार. "इंग्रजी येतं, गावाचा विश्वास आहे. आणखी काय हवं?"

मी ओरडले. ऑफिसात, सगळ्यांसमोर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिने दार लावून घेतलं. "त्यांच्याशिवाय ती गावाबाहेर पाऊल टाकू शकेल? सांग मला. तिथे तू राहिलीस, मी नाही."



१३ नोव्हेंबर

मामांना फोन केला. पहिल्या घंटीला उचलला.

"बोल, भाची."

"एनेलेसीशी बोलायचंय."

"इथेच आहे."

फोन तिच्याकडे गेला असावा. मी तिचं नाव घेत राहिले. त्यांच्या भाषेतले येतात तेवढे चार शब्द बोलले — कशी आहेस, मी वाट बघतेय. पलीकडे श्वास. मग खोकला. मग बारीक आवाजात 'इंदे.' म्हणजे हो.

कशाला हो? मी तर काहीच विचारलं नव्हतं.

१५ नोव्हेंबर

उद्या. ट्रूसने गाडी सांगितलीय. स्किपोल विमानतळावरून सरळ आमच्या घरी, बुइटनव्हेल्डर्टला. ती पायरी चढून आत आली की मामांना हॉटेलात पोचवायचं, तिला माझ्याकडे ठेवायचं. शैलेंद्र रजा टाकतोय. मामांनी 'नको' म्हटलं तर? तर मीही 'नको' म्हणेन. आरशासमोर म्हणून बघितलं. आवाज निघाला.

१६ नोव्हेंबर

मामा एकटेच बाहेर आले. सूट, टाय, हातात छोटी बॅग.

"एनेलेसी कुठाय?"

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "ती आता बोलत नाही, भाची. काय हवं ते मला विचार."

ट्रूस क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग पुढे झाली, हसली, आणि परिषदेचं कार्ड त्यांच्या गळ्यात अडकवलं. त्यावर छापलेलं नाव एनेलेसीचं.

"अरेरे! हे उद्या बदलून देते."

मामांनी कार्ड उचलून वाचलं, टायवर नीट बसवलं.

"राहू दे," म्हणाले.