पहिल्या भागातला पाहुणा

व्हिटबी,
सोमवार, १२ सप्टेंबर २०११

चि. सिरिल यास विनीताईचे अ. आ.

बातमी पक्की आहे. ‘पाहुणा’ मालिकेचा पहिला भाग येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता टीव्हीवर पुन्हा दाखवणार आहेत. वाचनालयातल्या मिसेस गार्साइडनी छापील कार्यक्रमपत्रिका माझ्यापुढे धरली, तेव्हा विश्वास बसला. चाळीस वर्षं झाली म्हणे. तो भला माणूस ओव्हरकोट घालून चुकीच्या घरी चहाला येतो, नवऱ्याला वाटतं बायकोने बोलावलंय, बायकोला वाटतं नवऱ्याने, आणि विचारायचं धाडस कोणालाच होत नाही. इथे मासळीच्या दुकानातली पोरंसुद्धा त्याची नक्कल करतात.

दुसरी बातमी तुझ्या जॅनिसने फोनवर दिली. येत्या एक तारखेपासून तू वृद्धाश्रमात खोली घेतलीस म्हणे. जुलैत तर माझ्याकडे यायचं म्हणत होतास. खरं काय ते लिही. मुलीच्या पदराआड लपू नकोस.

लोभ आहेच, त्याची परीक्षा पाहू नये.
विनी

लेस्टर,
गुरुवार, १५ सप्टेंबर

ती. ताईस सिरिलचा सा. न. वि. वि.

जॅनिसने सांगितलं ते खरं आहे. मी नुसती खोली पाहायला गेलो होतो. पण तिथल्या मेट्रन बाईंनी माझ्यासाठी मुद्दाम फळांचा केक कापला होता आणि पलंगावर नवी चादर घातली होती. दोन तुकडे खाल्ल्यावर नको कसं म्हणणार? सही करून आलो. हसू नकोस. तूही एकदा विक्रेत्याला वाईट वाटू नये म्हणून हिरवा कोट घेतला होतास.

आणि ताई, जुलैत तू लिहिलं होतंस, तुला बरं वाटलं तर ये. याला बोलावणं म्हणतात का? समोरच्या खोलीत तुझं शिवणाचं मशीन आहे, तुझी बुधवारची मंडळी येतात. त्यात मी कुठे बसू? तो पहिला भाग मी इतकी वर्षं हसत पाहिला. हल्ली मात्र त्या ओव्हरकोटवाल्याची कीव येते. आपण कोणालाच नको आहोत, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. तसं माझं व्हायला नको.

रविवारी सातला मीही पाहीन. माया असू दे.
सिरिल

व्हिटबी,
सोमवार, १९ सप्टेंबर

चि. सिरिल यास अ. आ.

काल पाहिलास ना? मग चष्म्याचा नंबर बदलून घे.

सगळे त्या माणसाकडे बघतात. मी काल त्या घरच्या बाईकडे बघत बसले. ती भांडी घेऊन खिडकीशी येते, तेव्हा समोरच्या घरातलं जोडपं सजवलेलं टेबल मांडून वाट बघत असतं. तिला ते दिसतं. हा कोणाचा पाहुणा, ते तिला त्या क्षणी कळतं. आणि ती पडदा ओढून घेते. मग येऊन त्याला आणखी बटाटे वाढते. चाळीस वर्षं लोक त्या भागावर जीव टाकतात ते याचसाठी, केवळ फजितीवर कोण इतकं हसेल? तो तिला हवा होता, रे. त्या घरात संध्याकाळी कोणी बोलतच नव्हतं.

‘बरं वाटलं तर’ ही माझी चूक. तुला ओझं वाटू नये म्हणून तसं लिहिलं. आता सरळ लिहिते: तू इथे राहायला यावंस अशी माझी इच्छा आहे. मशीन वरच्या मजल्यावर चढवून झालं. शेजारच्या पर्सीच्या कमरेत त्यामुळे उसण भरलीय, तेव्हा आता ते खाली येणार नाही. बुधवारच्या मंडळींना पत्त्यांत चौथा भिडू हवाच आहे.

मेट्रनना तुझं तूच सांगायचं. मी फोन करणार नाही, जॅनिसलाही करू देणार नाही. चौऱ्याहत्तर वर्षांचा घोडा झालास.

उत्तराची वाट पाहतेय, फार पाहायला लावू नकोस.
विनी

लेस्टर,
गुरुवार, २२ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

काल गेलो होतो. केक पुढे आला, तोच आधी नाकारला. मग उभ्यानेच सांगितलं की मला खोली नको, मी बहिणीकडे चाललोय. बाई म्हणाल्या, आमच्या यादीत एक निवृत्त पोस्टमन सहा महिने ताटकळतोय, त्यांना आजच कळवते. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तरी मी बसलो नसतो, एवढं मात्र लिहून ठेव.

जॅनिस आधी फुगली, मग तिनेच पेट्या बांधायला घेतल्या. पडद्याचं तू म्हणतेस ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मला वाटायचं, अंधार पडला म्हणून ओढला.

पुढच्या गुरुवारी, २९ तारखेला निघतो. गाडी वेळेवर असली तर चारला व्हिटबीत पोचेन. उशीर झाला तर जेवायला थांबू नकोस, असं लिहिणार होतो. पण थांब.

तुझा,
सिरिल