दाढीआधीचे आणि दाढीनंतरचे

प्रिय भाऊजी,

'प्रिय' लिहून पाच मिनिटं नुसती बसून होते. एकतीस वर्षं तुम्ही आमच्या घरी येताय. इतक्या वर्षांत तुमच्याबद्दल बरेच शब्द माझ्या मनात येऊन गेले, हा त्यात नव्हता. आता लिहिलाच आहे तर राहू दे.

आधी ह्यांची तब्येत सांगते, कारण तुम्ही तेच शोधत असाल. उजवा पाय बऱ्यापैकी उचलतात, हाताची पकड अर्धी आली आहे, स्वतःच्या हाताने जेवतात. बोलत मात्र नाहीत. झटका आला त्याला येत्या सोमवारी पाच महिने होतील. समजतं सगळं, पण तोंडातून शब्द बाहेर पडत नाही, एक मंगळवार सोडला तर; ते पुढे सांगते. आठवड्यातून दोनदा बोलायला शिकवणारी बाई येते आणि चित्रांची कार्डं दाखवते, चावी, छत्री, कप. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाला ती लाडीगोडीने विचारते, हे काय आहे हो काका, चावी ना? हे भिंतीकडे तोंड फिरवतात. पंधरा दिवसांपूर्वी जाताना ती मला दाराबाहेर नेऊन म्हणाली, पहिल्या सहा महिन्यांत तोंड उघडलं तर बरं, पुढे अवघड होत जातं. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला आहे.

ह्याच बाईने सुरुवातीला विचारलं होतं, काकांना सगळ्यात जास्त कशाबद्दल बोलायला आवडायचं? खरं सांगते, उत्तर देताना मला लाज वाटली. संसाराबद्दल नाही, लेकीबद्दल नाही, माझ्याबद्दल तर नाहीच नाही. एका बँडबद्दल. आणि तेही तुमच्याशी.

बिचारीला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं. कुठले कोण ते पाच जण, त्यांच्या दहा रेकॉर्डी. पाचव्या रेकॉर्डनंतर गाणाऱ्याने दाढी वाढवली, जुना ड्रमवाला भांडून निघून गेला आणि त्याच्या जागी ऑर्गनवाला आला. ह्यांच्या मते बँड दाढीआधीचा. तीन मिनिटांची गाणी, कुणी धावत येऊन दारावर थापा माराव्या तशी. तुमच्या मते खरं संगीत दाढीनंतरच सुरू झालं. एकेक गाणं रेकॉर्डची अख्खी बाजू खाणारं, मध्येच इतकं शांत की मला वाटायचं वीज गेली. बाई म्हणाली, एवढंच? मी म्हटलं, हो, एवढ्यावर एकतीस वर्षं. कामावरसुद्धा हे वर लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत, तुम्ही खाली लिफ्टच्या खड्ड्यात, आणि मधल्या सगळ्या मजल्यांवरून तुमचा वाद वरखाली. चौथ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी कंपनीला कळवलं होतं की आमच्या लिफ्टमध्ये भांडण अडकलं आहे. हे सांगताना बाई हसली. मीही हसले, पण माझं हसू काही खरं नव्हतं.

कारण मला तुमचा हेवा वाटत आला आहे, भाऊजी. सवतीचा वाटावा तसा. सवत असती तर चार बायकांनी माझी बाजू तरी घेतली असती. नवऱ्याच्या मित्राची तक्रार घेऊन जायचं कुणाकडे? रविवारी चार ते सात बाहेरची खोली तुमची. एकाने रेकॉर्ड लावायची, ती बाजू संपून सुई उचलेपर्यंत दुसऱ्याने चकार शब्द काढायचा नाही, आणि मग जे सुटायचे दोघं! भाजीत मीठ जास्त पडलं तरी माझ्यापुढे चांगली झाली म्हणणारा हा माणूस तुमच्यापुढे लालबुंद व्हायचा, खुर्चीच्या हातावर मुठी आपटायचा. मैत्रिणी म्हणायच्या, नशीबवान आहेस, नवरा कधी आवाज चढवत नाही. त्यांना काय सांगणार? माझ्याशी भांडावं असं ह्यांना कधी वाटलंच नाही.

एकदा मी चहा घेऊन आले आणि धीर करून म्हणाले, मला पाचव्या रेकॉर्डवरचं ते बासरीचं गाणं आवडतं. तुम्ही म्हणालात, वहिनींचं बरं आहे, त्यांना सगळंच गोड लागतं. आणि हे हसले. त्याला बावीस वर्षं झाली. तुम्ही विसरला असाल, मी विसरलेले नाही. हसले हे, पण राग मी तुमच्यावर ठेवला, कारण नवऱ्यावर ठेवला तर त्याच्याबरोबरच जेवायला बसायचं असतं.

तर बाईने सांगितल्यावर मी ठरवलं, आता हे माझं काम. ह्यांच्याशी बँडबद्दल मीच बोलणार. माझ्या औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना याद्यांच्या पाठीमागे गाण्यांची नावं उतरवून पाठ केली. तीन महिने रोज दाढीआधीच्या रेकॉर्डी लावल्या. वा, काय ड्रम आहेत, तुमचंच बरोबर हो, असं म्हणत राहिले. हे माझा हात थोपटायचे, बस्स. शब्द नाही. आणि रविवारी चार वाजले की दाराकडे बघायचे. दर रविवारी. मी समोर बसलेली असायचे, भाऊजी, आणि हे दाराकडे बघायचे.

गेल्या मंगळवारी माझं डोकं फिरलं. तुमची ती आठवी रेकॉर्ड काढली, ऑर्गनवाली, आणि मुद्दाम मोठ्याने म्हटलं, तुमच्या मित्राचंच खरं आहे, हेच उत्तम, तुमचं ते सगळं पोरकट. नुसतं उट्टं काढायचं होतं मला, दुसरं काही नाही. मग रेकॉर्ड लावली आणि कपड्यांच्या घड्या करत बसले. अठरा मिनिटं ऑर्गन चालला. सुई उचलली गेली आणि पाठीमागून आवाज आला, नाही. मी वळले. हे ताठ बसले होते, कानशिलं लाल झालेली. परत म्हणाले, नाही. मग एकेक शब्द ओढून काढल्यासारखा, ड्रम... कुठेत?

पाच महिन्यांनी नवऱ्याचा आवाज ऐकला मी. हसले, रडले, ह्यांच्या गळ्यात पडले. आणि मग काय केलं माहीत आहे? म्हटलं, हो हो, खरंच की, ड्रम नाहीतच! संपलं. चेहऱ्यावरचं सगळं तेज उतरलं. भांडायला उभ्या राहिलेल्या माणसाला मी होकार देऊन खाली बसवलं. दुसऱ्या दिवसापासून उलट बोलून पाहते आहे, पण ह्यांना कळतं मी नाटक करते आहे. आणि खरं सांगू का? मंगळवारी तो प्रश्न मला विचारलेलाच नव्हता. ते तुमच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलत होते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. डॉक्टरांनी भेटायला कुणालाही मनाई केलेली नव्हती. ते उलट म्हणाले होते, जवळची माणसं येत राहू द्या. दवाखान्यातून घरी आणलं त्या आठवड्यात तुम्ही दारात आलात, तेव्हा ताण चालणार नाही, फोनही नको, हे मी माझ्या मनाने सांगितलं. सव्वीस वर्षं औषधांच्या दुकानात असलेल्या बाईवर तुम्ही विश्वास ठेवलात. मला वाटलं, बोलत नसले तरी निदान आता फक्त माझे असतील. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला विचारलं होतं, दर रविवारी चारला कोण माणूस येऊन आपल्या लिफ्टला तेल घालत बसतो म्हणून. मी म्हटलं, माहीत नाही. सात वाजता तुम्ही फाटकातून बाहेर पडताना मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असे. सहातले पाच महिने मी असे घालवले, तुमचे नाही, ह्यांचे. ह्या रविवारी वर या. माझ्यावर ओरडायचं असेल तर आधी जिन्यात ओरडून घ्या. मग आत येऊन ह्यांच्याशी भांडा, आणि आजारी माणूस म्हणून एका गाण्याचीही सूट देऊ नका. माझा हेवा गेला म्हणून बोलावते आहे असं समजू नका, तो आहे तिथेच आहे. पण ह्यांनी मला अजून हाक मारलेली नाही, भाऊजी. लग्नापासून नुसतं 'अगं' म्हणत आले, तेवढंही अजून आलेलं नाही. तुमच्याशी भांडता भांडता तोंड मोकळं झालं, तर कदाचित येईल.

तुमचीच, नाइलाजाने का होईना,
वहिनी