कालोलाइनेची आवड

रविवार, २ जून. मांगेरे, ऑकलंड.
चर्च. मग बायकोच्या, कालोलाइनेच्या कबरीवर. घरी येऊन पाव खाल्ला. टीव्हीवरच्या सिनेमा-मालिकांच्या ॲपमध्ये तिचं खातं अजून आहे. मशीन तिला सुचवतं: लग्नाच्या मालिका, केक, बाळं. अगदी तिची आवड. ते तसंच जपणार. हात लावणार नाही.

बुधवार, ५ जून.
माझ्या खात्यात मात्र रग्बी, तुरुंग, मारामाऱ्या. आयुष्यभर औषधाच्या दुकानात काम केलं, कुणाला साधा धक्का दिला नाही. मशीनने टोंगा बेटांवरच्या पुरुषाचं नाव पाहिलं आणि संपलं. आज एका पोस्टरवर आपल्यासारखा सावळा माणूस मोठा दिसला, म्हणून सिनेमा लावला. तो गाडीचं दार उघडतो आणि गोळी लागून मरतो. पुढे दोन तास सगळे गोरे. सरळ भेदभाव! कंपनीला कडक पत्र लिहिणार. उद्याच.

शुक्रवार, ७ जून.
पत्र राहिलं. आधी पुरावा हवा, तिला काय दाखवतात आणि मला काय. आम्हा टोंगन लोकांच्या रीतीप्रमाणे कमरेला दुखवट्याची चटई बांधून तिच्या खात्यात एकच भाग पाहिला, आवाज बंद करून. दुखवट्यात तेवढं चालतं. नवरी चर्चमधून पळाली. का, ते कळेना. नाइलाजाने आवाज लावला. रडलो, कालोलाइनेच्या आठवणीने. उरलेले भागही पुराव्यासाठीच पाहिले.

रविवार, ९ जून.
मेव्हणी लुपे आली. तिला खातं दाखवलं. म्हटलं, मशीनला मी कळलो नाही, पण तुझी बहीण बरोबर कळली. लुपे हसत सुटली. म्हणाली, अहो भावोजी, ती आणि केक? दर शनिवारी माझ्याकडे येऊन बॉक्सिंग बघायची, खुर्चीवर उभी राहून शिव्या द्यायची. मी म्हटलं, शनिवारी ती चर्चच्या गाण्याच्या तालमीला जायची. लुपे म्हणाली, एवढ्या तालमी करून तिचा सूर कधी लागला का? बाईचं नाव बघून मशीनने लग्नं मांडली, ती होती तेव्हाही ती लग्नं तुम्हीच बघत बसायचात. ती बिचारी शेजारी कंटाळून झोपायची. म्हटलं, मला कधी बोलली नाही. म्हणाली, तुमचे डोळे गळत असायचे, कशी बोलणार? आणि तुम्ही तरी कधी विचारलंत?

सोमवार, १० जून.
पत्राला बसलो. ‘तुमचं मशीन बाईचं नाव पाहूनच तिची आवड ठरवतं’ एवढं लिहिलं. पुढचं वाक्य सुचेना. पेन ठेवलं. तिच्या खात्यात शोधून बॉक्सिंग लावलं. नियम कळत नाहीत. कोण जिंकलं, तेही कळलं नाही. पुढचा सामना आपोआप सुरू झाला. चहा करून आणला आणि बघत बसलो.