शंभरपैकी बारा

३ मार्च
ताईशी अबोल्याचा आज एकेचाळिसावा दिवस. ती मोठी बहीण, तेव्हा पुढाकार तिनेच घ्यायचा. गाडी तिची, मागे उभं राहून हात हलवत मला बोलावणारी ती, आणि फाटकाच्या खांबाला गाडी ठोकली कोणी, तर म्हणे मी. बायकोला सगळं पुन्हा सविस्तर समजावलं. ती म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हटलं, अंगणाचं माहीत नाही, खांब मात्र वाकडा आहे. ती म्हणाली, आता आहे.
घरचेच फितूर.

५ मार्च, दुपार
माळ्यावर टेबलफॅन शोधायला गेलो, सापडली माझी चौथीतली वही. पानंच्या पानं एकच वाक्य : चूक कबूल केल्याने माणसाची उंची कमी होत नाही. मोजलं. बरोबर शंभर वेळा. दहाव्या वर्षी ही समज. कधी लिहिलं, आठवत नाही. थोर गोष्टी माणसाच्या हातून नकळतच होतात.

६ मार्च
संकल्प : हे वाक्य जगायचं. सुरुवात इतरांपासून.
मोठ्या अक्षरात लिहून चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे लावलं. फ्रेमा बसवणारे कारागीर म्हणाले, मालक, पाटी तिरकी लागलीय, आणि लोकांचे नंबर काढता तसा एकदा स्वतःचाही काढा. एकोणतीस वर्षं या माणसाला सांभाळलं, त्याचं हे फळ. माझे डोळे उत्तम आहेत. हल्ली छापतातच बारीक.
एका गिऱ्हाइकाला वय कसं मान्य करावं, यावर पंधरा मिनिटं सांगितलं. तो चष्मा न घेता गेला.

९ मार्च
वहीतल्या सगळ्या पानांचे फोटो ताईला पाठवले. खाली लिहिलं, वाच आणि विचार कर. दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. पश्चात्ताप होत असणार. ती माफी मागेल तेव्हा मी फार ताणून धरणार नाही. पाच मिनिटं, फार तर दहा.

११ मार्च
ताईचं उत्तर. पुरावा म्हणून इथे उतरवून ठेवतो. म्हणते, अरे गाढवा, हे चिंतन नाही, शिक्षा आहे. बाबांचं घड्याळ पाडलंस तू आणि नाव सांगितलंस माझं, म्हणून बाबांनी शंभर वेळा लिहायला बसवलं होतं. बाराव्या ओळीला हात दुखतो म्हणून भोकाड पसरलंस. उरलेल्या मी लिहिल्या. चष्मा लाव आणि बघ.
सख्ख्या बहिणीने सत्तेचाळीस वर्षं हे पोटात ठेवलं. याला विश्वासघात नाही तर काय म्हणायचं. बायकोला दाखवलं. तिला माहीत होतं. लग्न ठरतानाच ताईने सांगितलं होतं म्हणे. म्हणजे सगळं माहीत असून हो म्हणालीस, असं विचारलं. ती म्हणाली, तेच तर.

१२ मार्च, सकाळ
कारागीर यायच्या आत दुकान उघडलं आणि स्वतःचा नंबर काढला. आकडा इथे लिहीत नाही. लांबचा आणि जवळचा, दोन्ही.
मग तपासणीची फ्रेम नाकावर ठेवून वही उघडली. पहिल्या बारा ओळी उताराला लागलेल्या. बाराव्या ओळीतली शाई पाण्याने पसरलेली. तेराव्यापासून अक्षर गोल, नीटस. मधूनमधून तिने माझ्यासारखं वाकडं काढायचा प्रयत्न केलाय, बाबांना कळू नये म्हणून. जमलेलं नाही.
कारागीर आल्यावर त्यांना रस्त्यापलीकडे उभं केलं आणि हात हलवायला सांगितलं. आधी ‘ये’ म्हणून, मग ‘थांब’ म्हणून. चष्म्याशिवाय दोन्ही मला एकच.
त्यांनी कारणही विचारलं नाही. आत आल्यावर पाटी तेवढी सरळ केली.

१४ मार्च
नवी वही आणली. तिने लिहिलेल्या अठ्ठ्याऐंशी ओळी आता स्वतः लिहून तिला नेऊन द्यायच्या. एका बैठकीत.

१४ मार्च, अर्ध्या तासाने
बारा झाल्या. मनगट गेलं.
ताईला फोन केला. म्हटलं, चूक माझी होती. खांबाचीही आणि घड्याळाचीही. मग विचारलं, शहात्तर उरल्यात, लिहिशील का.
ती म्हणाली, ये घेऊन. चालत ये.