आईचा धुण्याचा दगड

दादा,

आईचा धुण्याचा दगड तू तिला न विचारता गटारीकडेला टाकलास, आणि आज सकाळी अंगणात त्याच्या मूळ जागी दगडाचा छाप मारलेलं काँक्रीट ओतून घेतलंस. वर म्हणालास, "खरा दगड घाण दिसतोय की." आई जेवली नाही.

तू शिरोलीला कामावर गेल्यावर, काँक्रीट ओलं होतं तोवर, मी आणि गवंड्यांनी तो दगड परत आणून मधोमध रुतवला. तू हे वाचशील तेव्हा सिमेंट आवळलेलं असेल. उपटायला गेलास तर अख्खी फरशी फुटेल, आणि तिला लागून असलेला तुझा बैठकीचा प्लास्टिक-लाकडाचा डेकही उचकटावा लागेल.

रविवारी जेवायला बोलावलेले तुझे साहेब डेकवर तांबडा रस्सा ओरपतील, तेव्हा आई समोरच गोधड्या बडवणार आहे. आम्ही दोघी साबण आणायला गेलोय.

स्नेहल